पीएच.डी., तीही तर्कशास्त्रात: जाहिरातीपासून प्रोव्हिजनलपर्यंत

मे २०२५मध्ये माझ्या पीएच.डी.चं नोटिफिकेशन, म्हणजे पदवी मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना, निघालं. नोंदणी डिसेंबर २०१८ची. विषय तत्त्वज्ञान, त्यातही तर्कशास्त्र आणि त्यातही 'बिलीफ रिव्हिजन', म्हणजे नवी माहिती हाती आल्यावर जुन्या समजुतींपैकी काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचं शास्त्र. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावी आर्ट्सला तर्कशास्त्र शिकवते. नोकरी सांभाळून पार्ट टाइम पीएच.डी. केली. नोटिफिकेशननंतर तत्त्वज्ञानाच्या बऱ्याच मुलामुलींचे फोन आले, "मॅडम, नेमकं करायचं काय असतं?" प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा लिहून टाकते. विद्यापीठाचं नाव मुद्दाम घेत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

जून २०१८मध्ये जाहिरात आली. माझी सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालेली होती, त्यामुळे पेटमधून, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेतून, सूट मिळाली. सूट फक्त लेखी परीक्षेपुरती असते, मुलाखत सगळ्यांनाच. त्याआधी गाईड शोधायचा. २०१६च्या युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे जास्तीत जास्त आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार पीएच.डी.चे विद्यार्थी. विद्यापीठाच्या वेबसाइटवर रिकाम्या जागांची यादी असते, पण ती क्वचितच ताजी असते. थेट फोन करा. मला मिळालेले सर नीतिशास्त्रातले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "हे चिन्हांचं प्रकरण माझं नाही. पण तू मला समजावू शकलीस तर मी ओळ न् ओळ वाचेन." पुढे त्यांनी तसं खरोखर केलं. आपल्या विषयातला नामांकित पण सदैव परगावी असलेला गाईड आणि विषय थोडा वेगळा असलेला पण वाचणारा गाईड, यांत निवड करायची वेळ आली तर दुसरा घ्या.

नोकरी करणाऱ्यांना एनओसी लागते. २०२२च्या नव्या नियमात तिचा मजकूरच ठरवून दिला आहे: पार्ट टाइम शिकायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप बघता संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (संशोधनपद्धतीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त करू. हे तीन मुद्दे नसलेली "आमची हरकत नाही" छाप एनओसी परत येते, तेव्हा मसुदा स्वतः टाइप करून न्या.

त्या सहीसाठी मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसले होते. शिपाईमामा म्हणाले, "सर आलेत, बसा मॅडम." आमच्याकडे सर आले की त्यांची पांढरी गाडी पोर्चात उभी असते, हे सगळ्या स्टाफला ठाऊक. सहज मान वळवून पाहिलं तर पोर्च रिकामा. सर आलेत. सर आले की गाडी असते. गाडी नाही. या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, इतकं तर्कशास्त्र सांगतं. गाडी नाही हे तर डोळ्यांनी दिसतंय, मग आधीच्या दोहोंतलं सोडायचं काय? इथे नेहमीचं तर्कशास्त्र गप्प बसतं. मामांवर भरवसा जास्त असेल तर गाडीचा नियम सोडाल, नियमावर जास्त असेल तर मामांचं बोलणं. म्हणजे समजुतींना केवळ खरं-खोटं पुरत नाही, त्यांच्यात कमी-अधिक पक्केपणाची उतरंड लागते. माझा सगळा विषय या बाकड्यावर बसून सांगता येतो असं लक्षात आलं आणि पुढे प्रत्येक समितीसमोर मी हेच उदाहरण दिलं. (सर आले होते. गाडी सर्व्हिसिंगला होती.)

तुमचा विषय काहीही असो, असं एक उदाहरण हाताशी ठेवा. समितीतल्या बहुतेकांना तुमचा विषय माहीत नसतो आणि तसं ते बोलून दाखवत नाहीत. मग ते शीर्षकातल्या शब्दांवर घसरतात.

मुलाखत ऑगस्टमध्ये झाली. पॅनेलवरच्या एका ज्येष्ठ संस्कृतच्या सरांनी अपेक्षित प्रश्न टाकला, "आपल्याकडे याचा विचार झालेलाच आहे, तो तुम्ही वाचलाय का?" असा प्रश्न बहुधा कोपरखळी म्हणून येतो. यांनी मात्र पुढे दहा मिनिटं मीमांसेतला, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातला, अपच्छेदन्याय समजावून सांगितला. अपच्छेद म्हणजे हात सुटणं. ज्योतिष्टोम यागात ऋत्विज, म्हणजे उद्गाता, प्रतिहर्ता वगैरे पुरोहित, एकमेकांचं वस्त्र धरून ओळीने चालतात. उद्गात्याचा हात सुटला तर दक्षिणा न देता याग पुरा करायचा आणि तो पुन्हा करायचा. प्रतिहर्त्याचा सुटला तर सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं. दोघांचे हात एकापाठोपाठ सुटले तर? एकीकडे काहीच द्यायचं नाही, दुसरीकडे सगळं द्यायचं. जैमिनींचं सूत्र आहे, 'पौर्वापर्ये पूर्वदौर्बल्यं प्रकृतिवत्'. मागाहून घडलेलं बलवान, आधीचं दुबळं. मी ते तिथेच वहीत उतरवून घेतलं.

निवड झाली, पण शीर्षक आरआरसीत, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, अडकलं. कुणाला त्यात 'तौलनिक' हवं होतं, कुणाला 'भारतीय संदर्भात'. माझं मत विचाराल तर प्रबंधाला न्याय-मीमांसेचं एक प्रकरण शोभेपुरतं जोडणं हा त्या परंपरेचाही अपमान आहे. अपच्छेदन्याय माझ्या प्रबंधात आला, पण जिथे युक्तिवादाला त्याची गरज होती तिथे, मोजक्या पानांत. शीर्षकात आम्ही 'अभ्यास' हा निरुपद्रवी शब्द घालून दिला आणि डिसेंबर २०१८मध्ये मान्यतेचं पत्र आलं. त्या पत्रावरची तारीख जपून ठेवा. सहा वर्षांची मुदत तिथून मोजली जाते. बायकांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळतात, शिवाय बाळंतपणाची एकूण २४० दिवसांची रजा वेगळी. हे नियमात लिहिलेलं असूनही काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

कोर्सवर्क २०१९च्या मे महिन्याच्या सुट्टीत उरकलं. प्रश्नावली, नमुना निवड, सांख्यिकीचं सॉफ्टवेअर. प्रमेय सिद्ध करणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. ५५ टक्के मात्र लागतात, तेव्हा गुमान अभ्यास करा.

मग खरं काम. या विषयात शिरायचं दार म्हणजे १९८५चा एक निबंध, 'जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिक'मधला, वीसेक पानांचा. लेखक तिघे: ब्वेनोस आइरेसचे कायद्याचे तत्त्वज्ञ कार्लोस अल्चुरॉन, स्वीडनचे पेटर यार्डेनफोर्स आणि मूळचे ऑस्ट्रेलियन डेव्हिड मॅकिन्सन. तिघांच्या रोमन आद्याक्षरांवरून (यार्डेनफोर्स हे नाव G ने सुरू होतं) त्या सिद्धांताला एजीएम म्हणतात. मला पहिलं वर्षभर ती वीस पानं पुरली. संध्याकाळी मुलाचा गृहपाठ आटोपला की एक-दोन परिच्छेद, समोर कागद, आणि 'हे उघड आहे' असं जिथे लिहिलंय ते स्वतः सिद्ध करून बघायचं. उघड काहीच नसायचं. वर्षअखेरीस मात्र त्या परिच्छेदांचा धाक गेला.

अल्चुरॉन यात शिरले ते कायद्याच्या प्रश्नातून. एखादं कलम रद्द केलं, पण उरलेल्या कलमांवरून तेच पुन्हा निघत असेल, तर आणखी काय काय रद्द करावं लागेल? आणि ते ठरवायचं कसं, कारण पर्याय एकाहून जास्त असतात. वाचताना हे मला फार दूरचं वाटलं होतं. पुढे ते माझ्याच फाइलवर येऊन बसलं, ते सांगतेच.

एजीएममध्ये शिकणारा एकेका धक्क्याला, म्हणजे जुन्या समजुतींशी न जुळणाऱ्या माहितीला, नीट सावरतो. पण असे धक्के आयुष्यभर खात तो शेवटी सत्यापर्यंत पोचतो का, हा वेगळा प्रश्न. त्याचं मूळ १९६७च्या ई. मार्क गोल्ड यांच्या कामात आहे. मुलं भाषा कशी शिकतात याच्या विचारातून त्यांनी ते मांडलं. हे मला समजलं पुस्तकातून, पण पटलं अकरावीच्या वर्गात.

ऑफ तासाला खेळ घेतला. "माझ्या मनात संख्यांचा एक संच आहे. तो एक तर १ पासून कुठल्या तरी संख्येपर्यंतचा आहे, नाही तर सगळ्याच नैसर्गिक संख्यांचा. त्यातल्या संख्या मी फळ्यावर लिहीत जाणार, त्याच त्या पुन्हाही लिहीन. दर संख्येला तुम्ही अंदाज सांगायचा." ३ लिहिले, १ लिहिला, ७ लिहिले. मागच्या बाकावरून लगेच, "सगळ्या!" मग मी ७च्या आतलंच लिहीत राहिले. २, ५, ७, ४, ५, ६. थोड्या वेळाने वर्ग म्हणाला, "१ ते ७." मी ८ लिहिला. वर्गाने "१ ते ८" म्हणताच ९. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमचा अंदाज ऐकून मग पुढचा आकडा लिहिताय." ही चोरी नाही, हीच गोल्ड यांच्या प्रमेयाची सिद्धता आहे. वर्गाने कुठलीही युक्ती ठरवली तरी तिला चकवणारा आकड्यांचा क्रम काढता येतो. लवकर "सगळ्या" म्हणणारा चुकला तर पुढचा एकही आकडा त्याला खोटं पाडत नाही, आणि सावधपणे लहानात लहान संच सांगणारा, संच खरोखर अनंत असेल तर, कधीच थांबत नाही. त्या मुलीने पुढे तत्त्वज्ञान घेतलं नाही, बीएस्सी नर्सिंगला गेली. पण माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ती आहे.

अशा ठिकाणी शिकणाऱ्याने समजुती कशा बदलाव्यात यावर नीना गिएराशिमचुक, अलेक्झांड्रू बाल्टाग आणि सोन्या स्मेट्स यांनी २०१०च्या आसपास काम केलं. त्यांच्या निष्कर्षातली एक गोष्ट मला पहिल्यांदा पचलीच नाही. समजुतींत कमीत कमी बदल करावा हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! पण नेमकी तीच पद्धत, म्हणजे नवी बातमी आली की तिच्याशी जुळणाऱ्या शक्यतांपैकी फक्त सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत संभाव्य वाटणाऱ्या, तेवढ्या पुढे आणायच्या आणि बाकी उतरंड जशीच्या तशी ठेवायची, ही शिकण्यात कमी पडते. आधी ऐकलेली बातमी दुसऱ्या बातमीने सहज पुसली जाते. बातमीशी जुळणाऱ्या सगळ्याच शक्यता बाकीच्यांच्या वर उचलणारी पद्धत, सुरुवातीची उतरंड योग्य लावली असेल तर, जे शिकता येण्याजोगं आहे ते सगळं शिकते. कमीत कमी बदलाची पद्धतही कोणत्या मर्यादित परिस्थितीत सत्यापर्यंत पोचू शकते, ही एवढीशी जागा माझ्या प्रबंधाची. आकाराने एवढीशीच असावी. आरआरसीला मोठे विषय आवडतात, रेफरींना, म्हणजे प्रबंध तपासणाऱ्यांना, लहान.

मधली दोन वर्षं करोनाची. ऑनलाइन वर्ग, घरात सासऱ्यांचं आजारपण, सहामाही प्रगती अहवालात "वाचन सुरू आहे" हेच वाक्य. सहामाही अहवाल मात्र चुकवू नका, वाचन खरोखर एवढंच झालं असलं तरी. नंतर फाइलमध्ये एकेका अहवालाची पोच शोधतात.

७ नोव्हेंबर २०२२ला युजीसीचे नवे नियम आले आणि सगळे म्हणू लागले, आता पेपर छापायची सक्ती गेली. व्हॉट्सॲपवर अभिनंदनं झडली. नियम वाचला तर दिसलं, सक्ती गेली ती नव्यांची. त्याआधी नोंदणी झालेल्यांना आपापले जुने नियम लागू, म्हणजे मला २०१६चे: प्रबंधाआधी रेफरीड जर्नलमध्ये एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं. विभागातल्या एका काउंटरवर "गरज नाही" आणि शेजारच्याच काउंटरवर "गरज आहे" असं उत्तर मिळालं. नियम रद्द झाला, पण उरलेल्या नियमांतून तो माझ्यापुरता पुन्हा निघत होता. अल्चुरॉन यांचा प्रश्न, झेरॉक्स काढून फाइलला लावलेला.

पेपरचं सांगायचं तर, तेव्हा युजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी होती, आणि यादीतल्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नकली वेबसाइटही असायची. आठवड्यात स्वीकृती आणि लगोलग पैशांची मागणी आली की समजून जा. माझा पेपर ज्या जर्नलने घेतला त्यांनी एक पैसा मागितला नाही, पण पहिला अभिप्राय यायलाच सात महिने घेतले. दोन अभिप्रायांपैकी एक कडक होता आणि त्यानेच माझं तिसरं प्रकरण सुधारलं. पेपरचं काम प्रबंध संपायच्या दीड-दोन वर्षं आधी सुरू करा.

प्रबंध इंग्रजीत लिहिला. मराठीत लिहायची मुभा होती आणि इच्छाही होती. पण भाषा ठरली की तपासणारे ठरतात, आणि हा विषय जाणणारी माणसं देशात विखुरलेली आहेत, चेन्नई, कोलकाता, कानपूर, मुंबई अशी. मराठीत सविस्तर गोषवारा जोडला.

जानेवारी २०२४मध्ये प्री-सबमिशन सादरीकरण झालं. मग वाङ्मयचौर्य तपासणी. पहिल्या अहवालात साम्य २३ टक्के. मर्यादा दहाची. अहवाल उघडून पाहिला तर रंगवलेला बहुतेक मजकूर म्हणजे एजीएमची गृहीतकं आणि व्याख्या, ज्या जगात सगळे त्याच शब्दांत लिहितात. २०१८च्या युजीसी नियमात साफ लिहिलंय की अवतरणं, संदर्भसूची, प्रस्तावना, ऋणनिर्देश, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं, तसंच सलग चौदा शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणी तपासणीतून वगळायची. तो नियम छापून, ती ओळ पिवळी करून ग्रंथालयात गेले. तिथल्या मॅडमनी शांतपणे वाचला, गाळण्या लावून पुन्हा चालवला, सहा टक्के आले. भांडायची वेळ आली नाही. लाटेकमध्ये (सूत्रांचा मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिणाऱ्यांनी पीडीएफमधला मजकूर कॉपी होतो का ते आधी तपासा, नाही तर सूत्रांचा भलताच गिचमिडा सॉफ्टवेअरच्या पोटात जातो.

जून २०२४मध्ये प्रबंध जमा. प्रबंध शुल्क बारा हजार, छपाई आणि बांधणी पाच प्रतींची साडेचार हजारांच्या आसपास. दरवर्षीची फी सहा ते सात हजार. सगळं मिळून, परिषदांचा प्रवास धरून, लाखाच्या आत राहिलं. फेलोशिप नव्हती, पगारातून गेलं. बांधणीवाल्याला कव्हरवरच्या अक्षरांचा रंग विद्यापीठाच्या परिपत्रकातून दाखवा. त्याला पाठ असतो, पण जुना.

मग वाट पाहणं, आणि याचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं. नियमाप्रमाणे मूल्यमापन सहा महिन्यांत व्हायला हवं. रेफरींची यादी गाईड बंद पाकिटात देतात, निवड वरून होते, उमेदवाराला नावं कळत नाहीत आणि कळूही नयेत. माझ्या बाबतीत एका रेफरींकडून होकारही नाही आणि नकारही नाही, अशी पत्रं पडून राहिली. मी जायचे, टेबलावरचे साहेब म्हणायचे, "रिमाइंडर गेलंय." कुणावर राग काढावा असं समोर कुणी नसतं, हे सगळ्यात त्रासाचं. त्या महिन्यांत मला झोप लागत नसे, कॉलेजच्या पेपर तपासणीत मन लागत नसे. घरी सासूबाई विचारायच्या, "अगं, लिहून झालं ना, मग आता काय राहिलं?" उत्तर नसायचं. शेवटी गाईड सरांनी लेखी अर्ज द्यायला सांगितलं: जमा केल्याची तारीख, नियमातलं सहा महिन्यांचं कलम, आणि 'पर्यायी रेफरीची नियुक्ती व्हावी ही विनंती'. आवक क्रमांक घेतला. महिन्याभरात दुसरं नाव गेलं आणि फेब्रुवारीअखेर अहवाल आला. तोंडी विचारपूस कितीही केली तरी ती कुठे नोंदवली जात नाही. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.

व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, एप्रिलमध्ये झाली. ती खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मुलाखतीतले ते संस्कृतचे सर निवृत्त झाले होते, तरी आले. बाहेरच्या रेफरींनी तासभर प्रमेयांवर प्रश्न विचारले, तेही इतके नेमके की भीती वाटायचीच राहिली. मग म्हणाले, "तुमच्या चौकटीत नवी माहिती नेहमीच स्वीकारली जाते. अफवा आली तरी?" मी म्हटलं, अपच्छेदन्याय मागाहून आलेल्याला बलवान मानतो, पण त्याच मीमांसेत उपक्रमन्यायही आहे, एकाच प्रकरणाच्या सुरुवातीत आणि शेवटात विरोध आला तर तिथे सुरुवात बलवान. नव्याला डोळे झाकून अग्रक्रम न देणाऱ्या पद्धतींवर आधुनिक काम झालेलं आहे, माझा प्रबंध मात्र तिथवर जात नाही. मागच्या रांगेतून संस्कृतचे सर मोठ्याने म्हणाले, "बरोब्बर!" अध्यक्षांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. प्रेक्षकांना बोलायची वेळ नंतर होती.

एक आगाऊ सल्ला. व्हायवाला जेवणावळ घालायची प्रथा पडली आहे. मी चहा आणि बिस्किटं ठेवली, कुणाचं काही बिघडलं नाही. पैसे नसतील तर संकोच करू नका, असले तरी करू नका.

नोटिफिकेशननंतर तीन कामं राहतात. प्रबंधाची सॉफ्ट कॉपी शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहासाठी, द्यायची, त्याची पोच घ्यायची. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर 'युजीसी २०१६च्या नियमांनुसार' (नव्यांना २०२२) हा उल्लेख आहे की नाही ते काउंटर सोडायच्या आधी वाचायचं, कारण नोकरीच्या वेळी तोच बघतात. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनो, पदवीवर नाव एम.ए.च्या गुणपत्रिकेप्रमाणे येतं. वेगळं हवं असेल तर राजपत्राची प्रत नोंदणीच्या वेळीच जोडा. दीक्षान्त समारंभाचा अर्ज निराळा असतो, त्याची मुदत वेबसाइटवर येते आणि एसएमएस येत नाही.